कार्बन तेरा, मुक्काम पोस्ट अष्टमी

मराठीत विज्ञानाचा इतिहास ज्या दिवशी लिहिला जाईल, त्या दिवशी त्यातलं एक संपूर्ण प्रकरण आमच्या साडूंच्या नावे काढावं लागेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शंका एवढीच आहे की तो इतिहास लिहायला साडूंखेरीज दुसरं कोणी बसणार नाही, आणि ते बसले तर पहिल्याच वाक्यातल्या पहिल्याच शब्दावर अडतील. ‘विज्ञान’ हा शब्द त्यांना पूर्णपणे मान्य नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी पेणचा. ते मूळचे कोलाडच्या आतल्या एका भातशेतीच्या गावचे, पण निवृत्तीनंतर रोह्याच्या पुलापलीकडे अष्टमी या गावात जागा घेऊन राहिलेले. नोकरी सगळी मुंबईतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत. तिथे ते नेमकं काय करत, हे सासरच्या माणसांना कधीच कळलं नाही. सासऱ्यांची समजूत होती की जावई एक्स-रे काढतात, पण सरकारी असल्यामुळे फार कमी काढतात. सासूबाई चारचौघींत सांगत, “थोरले जावई मोठ्या लोहचुंबकावर आहेत.” ऐकणाऱ्या बायकांना वाटे, बोटीवर असतील. नावामागे डॉक्टर ही पदवी असल्याने कोलाडच्या हॉटेलात चहाला बसलं की मालक गल्ला सोडून बाहेर येई आणि पँट वर करून गुडघा दाखवी. साडू गुडघ्याकडे फार आपुलकीने बघत आणि म्हणत, “यातल्या पाण्याचा आवाज मी तुम्हाला ऐकवू शकतो. गुडघा मात्र बरा करता येणार नाही.” मालक दर खेपेला नव्याने निराश होई.

खरं काम असं होतं, आणि मला ते समजायला साडूंच्या गॅलरीतल्या बऱ्याच संध्याकाळी खर्ची पडल्या. एमआरआयच्या यंत्रात शरीराचं जे चित्र निघतं ते मुख्यतः पाण्याचं. पाणी शरीरात भरपूर, म्हणून त्याचा आवाज मोठा. पण खाल्लेली साखर पेशीत गेल्यावर टप्प्याटप्प्याने तिचे जे पदार्थ होतात, ज्यांना साडू ‘पेशीच्या स्वयंपाकघरातले अर्धेकच्चे पदार्थ’ म्हणतात, ते इतके थोडे असतात आणि इतक्या बारीक आवाजात बोलतात की यंत्राला काही ऐकू येत नाही. नेमकं तिथेच तर पेशी चांगली आहे की बिघडलेली, हे कळण्यासारखं असतं. तर या पदार्थांतल्या कार्बनचा आवाज हजारो पटींनी मोठा करायचा, हा साडूंचा उद्योग. जगात हे काम करणारे बरेच लोक आहेत. ते मराठीत करण्याचा हट्ट धरणारे साडू एकटेच.

इंग्रजी शब्द वापरून समजावलेली गोष्ट ही समजलेली गोष्ट नव्हे, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे ते शब्द घडवत. अणूच्या गाभ्याला जो फिरण्यासारखा गुण असतो त्याला त्यांनी ‘फिरकी’ हा शब्द योजला आणि तो बिनधास्त वापरायला सुरुवात केली. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात नवऱ्यामुलीच्या मामांनी अदबीने विचारलं, “आपण काय करता?” साडू म्हणाले, “मी जन्मभर कार्बनची फिरकी घेत आलोय.” मामा खळखळून हसले. साडू हसले नाहीत. मग मामाही थांबले आणि जेवणाच्या पंगतीत दोन पानं सोडून लांब बसले.

त्यांचं खरं भांडण मात्र वर्तमानपत्रांशी. अणूंच्या फिरक्या दोन्हीकडे तोंडं करून असतात, जवळजवळ निम्म्या-निम्म्या. त्या एका बाजूला वळवणं म्हणजे ध्रुवीकरण, आणि ते बेसुमार वाढवणं म्हणजे अतिध्रुवीकरण. हा दुसरा शब्द साडूंचा स्वतःचा, निदान त्यांचा तरी तसा दावा. पण वर्तमानपत्र उघडावं तर रोज मतांचं ध्रुवीकरण, समाजाचं ध्रुवीकरण. ‘सदर शब्द प्रकाश व अणू यांच्यासाठी राखीव असून राजकारणी मंडळींनी आपला शब्द स्वतः शोधावा’ अशा आशयाची पत्रं ते संपादकांना पाठवीत. पुष्कळ पत्रं वाया गेल्यावर एक छापून आलं. मथळा होता: ‘वाढत्या ध्रुवीकरणावर ज्येष्ठ नागरिक आक्रमक’. साडू आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत. त्यांची बायको, म्हणजे आमच्या ताई, मला फोनवर म्हणाल्या, “घरात फार शांतता आहे हो. दोन दिवस राहायला या, पण लगेच येऊ नका.”

दुसरी सवय घाईची. मोठा केलेला हा आवाज फार तर मिनिटभर टिकतो, मग विझत विझत मूळपदावर येतो. त्या मिनिटात पदार्थ यंत्रातून काढायचा, तपासायचा, पळत नेऊन रुग्णाच्या शिरेत सोडायचा आणि चित्र काढायचं. आयुष्यभर असं पळालेला माणूस निवृत्तीनंतर चालू लागत नाही. साडूंकडे चहा ओतला की तो लगेच प्यावा लागे. एका थंडीत त्यांच्या थोरल्या भावाच्या, म्हणजे दादांच्या, शेतावर पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कांदे. मडकं उपडं घालून भोवती जाळ. आम्ही सगळे निवांत गप्पा मारत बसलेलो. साडू मात्र मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मडक्याभोवती फेऱ्या घालत होते. मडकं उघडलं, वाफ वर आली, आणि साडू ओरडले, “खा! चला, खा! विझतेय!” मी दचकून शेंग तोंडात घातली आणि पुढचे तीन दिवस पेजेवर काढले. त्यांचे दादा, हयात भातात घालवलेला शांत माणूस, म्हणाले, “अरं, शेंगा हायत त्या. पलून नाय जायच्या.”

“शेंगा नाही जात दादा, वाफ जाते.”

“जाऊ दे की. वाफ कोन खातोय?”

पेणला ते आले की मला त्यांना गणपतींच्या कारखान्यांपासून लांब ठेवावं लागे. याचं कारण मी स्वतः होतो. एकदा श्रावणात, वेळ जावा म्हणून, मीच त्यांना ओळखीच्या एका कारखान्यात घेऊन गेलो. फळ्यांवर शेकडो गणपती दाटीवाटीने उभे. काहींची तोंडं आपल्याकडे, काहींची भिंतीकडे. साडू दारातच थबकले. “साडूभाऊ,” ते पुटपुटले, “हे तर उघडं दिसतंय.” त्यांच्या मते आयुष्यभर अदृश्य अणूंबद्दल जे ते सांगत आले ते इथे चक्क मातीत उभं होतं. कारखानदार चहा सांगायला बाहेर गेला तेवढ्यात साडूंनी मला तत्त्व समजावलं, आणि समजावता समजावता एका फळीवरचे सगळे गणपती एका दिशेला वळवून ठेवले. मी कौतुकाने बघत होतो. त्या कारखान्यातली रीत अशी की ज्या मूर्तीची आखणी झाली, म्हणजे डोळे रेखून झाले, तिचं तोंड भिंतीकडे करायचं, म्हणजे धूळ बसत नाही आणि काय झालं, काय राहिलं, हेही कळतं. आता फळीवरचे सगळे गणपती डोळे उघडे असोत वा नसोत, आमच्याकडे बघत होते. कारखानदार आला, त्याने फळीकडे पाहिलं आणि चहाचा ट्रे खाली ठेवला. “कोनी केलं ह्या?” साडू म्हणाले, “मी. पूर्ण ध्रुवीकरण झालंय.” कारखानदाराने माझ्याकडे बघून विचारलं, “ह्यांना घरी कोन हाय का?”

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण मागच्या वर्षी एक गोष्ट ठरली. साडू आणि ताईंनी मुलीकडे कॅनडात जायचं, कायमचं. मुलीचा हट्ट होता, ताईंचे गुडघे होते. अष्टमीची जागा रिकामी करायला सुरुवात झाली. आणि सामान बांधता बांधता साडूंच्या लक्षात आलं की ज्या मराठीसाठी एवढे शब्द घडवले, त्या मराठीत आपण हे सगळं सलग असं एकदाही कोणाला सांगितलेलं नाही. तिकडे गेल्यावर ऐकणार कोण? नातू मराठीत फक्त “आजोबा” म्हणतो, तेही विचार करून.

ताईंची तक्रार त्याहून जुनी होती. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी नवऱ्याला विचारलं होतं, “तुम्ही दिवसभर तिकडे करता काय?” साडू म्हणाले होते, “शब्द तयार झाले की सांगतो.” ताईंनी हे मला फणसाच्या गऱ्यांच्या ताटलीवरून सांगितलं, अगदी सहज, आणि वर म्हणाल्या, “आता विमानात बसेपर्यंत होतील बहुतेक तयार.”

तेव्हा साडूंनी ठरवलं: एक व्याख्यान. रोह्यात, मराठीत, ताईंना पुढच्या खुर्चीत बसवून.

गावातल्या एका लहानशा वाचनालयाचे अध्यक्ष तयार झाले. वक्ता फुकट होता आणि माईक त्यांचा स्वतःचा होता. पण विषयाची पाटी लिहून आली तेव्हा ते दचकले. पाटीवर होतं: ‘अतिध्रुवीकरण: गरज, पद्धती आणि उपयोग’. नगरपरिषदेची निवडणूक तोंडावर आलेली. अध्यक्ष अष्टमीला धावले. “सर, इंग्रजी शब्द टाका ना. लोकांना कळणार नाय, म्हंजे मान देतील.” साडू म्हणाले, “शब्द बदलला तर व्याख्यान रद्द.” अध्यक्षांनी ‘प्रबोधन’ सुचवलं, ‘आरोग्य आणि आपण’ सुचवलं, शेवटी नुसतंच ‘व्याख्यान’ असंही सुचवलं. साडू हलले नाहीत. पाटी लागली.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यातले एक हवालदार साडूंच्या दारात. मी योगायोगाने तिथे पुस्तकांची खोकी बांधत होतो.

“साहेब, राग नको. वरून विचारणा हाय. ह्या ध्रुवीकरण कोनाचा करनार तुमी?”

“कार्बनचं,” साडू आनंदाने म्हणाले. विषयात रस घेऊन घरापर्यंत आलेला हा पहिलाच माणूस.

“राहतो कुठं?”

“सगळीकडे. तुमच्यात आहे, माझ्यात आहे. पण आपल्याला सगळा नकोय. आपल्याला हवा तेरा.”

हवालदारांनी मोबाइल काढला आणि टाइप करू लागले. “प्रभाग तेरा.”

“बाराचा उपयोग नाही,” साडू पुढे म्हणाले. “संख्येने प्रचंड, पण बारा गप्प असतो. त्याला फिरकीच नाही. तेरा शंभरात जेमतेम एक, पण बोलतो.”

“बारा गप्प. तेरा बोलतो,” हवालदार लिहिता लिहिता म्हणाले. मग आवाज उतरवून, “आमच्याकडंबी हाच रिपोर्ट हाय.”

व्याख्यानाच्या दिवशी वाचनालयाचं सभागृह तुडुंब भरलं. मी पेणहून बायकोला घेऊन आलो तर दारात चपलांचा ढीग. हे श्रोते विज्ञानासाठी लोटले नव्हते हे त्यांच्या कपड्यांवरून दिसत होतं. एवढी इस्त्री विज्ञानाला कोणी करत नाही. मधल्या वाटेच्या डाव्या हाताला एका गटाचे नेते कार्यकर्त्यांसह, उजव्या हाताला दुसऱ्या गटाचे. एकाने जावं आणि दुसऱ्याने न जावं हे दोघांनाही परवडणारं नव्हतं. हवालदार मागे खांबाला टेकून. पुढच्या रांगेत एकट्या ताई, चांगली साडी नेसून, मांडीवर पर्स घट्ट धरून. अध्यक्षांनी साडूंची ओळख ‘रोह्याचे सुपुत्र व आंतरराष्ट्रीय कीर्तीचे हाडांचे डॉक्टर’ अशी करून दिली, शाल पांघरली, नारळ दिला, आणि नारळ कुठे ठेवावा हे न कळून साडूंनी तो हातात धरूनच भाषण सुरू केलं.

सभागृहाकडे नजर टाकताच त्यांचा चेहरा उजळला. गणपतीच्या कारखान्यात उजळला होता तसाच. मी बाहेर पडायचं दार बघून ठेवलं.

“हे बघा,” ते म्हणाले, “तुम्हीच बघा. निम्मे इकडे, निम्मे तिकडे. दोन्ही बाजू एकदम बोलल्या तर एकमेकींना पुसून टाकतात. मग बाहेर ऐकू काय येतं? दहा लाखांत चार-दोन माणसं एका बाजूला जास्त असतात, तेवढ्यांचाच आवाज. बाकीचे सगळे असून नसल्यासारखे.”

दोन्ही बाजूंनी टाळ्या पडल्या. चार-दोन जास्त आपल्याकडेच आहेत, अशी दोन्ही बाजूंची खात्री होती.

“मग उपाय काय? आधी थंड करायचं. अगदी गार. उणे दोनशे बहात्तर. गडबड पूर्ण थांबली पाहिजे.”

“आचारसंहिता,” माझ्या मागचा एक जण शेजाऱ्याला म्हणाला.

“मग त्यांच्यात एक एकटा, जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन सोडायचा. तो एकटा असल्यामुळे पटकन एका बाजूला वळतो. आणि बाहेरून योग्य लहरी दिल्या की त्याचं वळण तो शेजाऱ्यांना देतो, शेजारी पुढच्यांना. बघता बघता सगळे एका बाजूला.”

“अपक्ष!” उजवीकडून कोणीतरी उत्स्फूर्तपणे ओरडलं, आणि डावीकडच्यांनीही मान डोलावली. रोह्यात त्या दोन गटांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं मी तेव्हाच पाहिलं.

“आणि हे झाल्यावर उकळतं पाणी ओतायचं आणि पळत सुटायचं! कारण हे टिकत नाही. मिनिटभर. फार तर मिनिटभर.”

“मतदानाच्या सांजंपर्यंत टिकला तरी पुरं,” मागचा म्हणाला.

मी साडूंकडे बघत होतो. त्यांना यातलं काही ऐकू येत होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. ते ताईंकडे बघून बोलत होते. आता ते माणसाच्या शरीराकडे वळले होते, आणि सभागृह, कदाचित सवयीने, कदाचित राजकारण संपल्याची चाहूल लागून, शांत झालं होतं. ते सांगत होते की बिघडलेली पेशी घाईची असते, तिच्या स्वयंपाकघरात पदार्थ नीट शिजण्याआधीच आंबतो. तो आंबणारा पदार्थ चित्रात चमकतो. औषध लागू पडलं तर गाठ लहान व्हायच्या कितीतरी आधी ती चमक कमी होते. “माणसाला महिनोन्‌महिने वाट बघायला लागू नये,” ते म्हणाले, “एवढ्यासाठी हे.” आणि नारळाकडे बघत थांबले. सांगायचं संपलं होतं.

अध्यक्षांनी प्रश्न विचारण्याचं आवाहन केलं. दोन्ही नेत्यांनी घड्याळं पाहिली. तेवढ्यात पुढच्या रांगेतून ताईंचा आवाज आला.

“अहो, मिनिटभरच टिकतं?”

“मिनिटभरच.”

“मग मिनिटभरासाठी एवढी वर्षं?”

सभागृह हसलं. साडू हसले नाहीत. एवढ्या लोकांपुढे, माईकवर, ते कोलाडच्या आतल्या गावात जसं बोलतात तसं बोलले.

“त्या मिनिटात दिसतं गो. नायतर दिसतच नाय.”

ताईंनी पर्सची चेन उघडली, बंद केली. “एवढंच होतं तर पहिल्या आठवड्यात सांगायचं. मला समजलं असतं.”

“शब्द नव्हते.”

“नसते तरी चाललं असतं.”

माझी बायको शेजारी नाक ओढत होती. साडू काहीतरी बोलणार होते, पण आभार सुरू झाले. अध्यक्षांनी ‘मतदारांना शांत कसं ठेवावं याचं शास्त्रशुद्ध मार्गदर्शन’ केल्याबद्दल साडूंचे आभार मानले आणि राष्ट्रगीताला सगळे उभे राहिले. पुलावरून अष्टमीला चालत जाताना साडू आणि ताई आमच्या पुढे होते. नारळ आता ताईंच्या हातात होता. साडू हातवारे करत काही समजावत होते आणि ताई मध्येच थांबवून विचारत होत्या. दोघंही घाईत नव्हते. घरी पोचल्यावर साडूंनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, “साडूभाऊ, समजलं हो सगळ्यांना. टाळ्या बरोबर जागी पडत होत्या.” मी हो म्हणालो.

त्यानंतर महिन्याभरात ते दोघं कॅनडाला गेले. आता रविवारी फोन येतो. तिकडे बर्फ आहे, चहा पटकन गार होतो, ही साडूंची तक्रार. ताई सांगतात, नातवाला फिरकी हा शब्द येतो. अष्टमीच्या जागेत दुसरं बिऱ्हाड आलंय. रोह्याला माझं जाणं कमी झालं. बोलायला माणूस राहिला नाही असं म्हणवत नाही, कारण साडू असताना मला बोलायला मिळत नसेच. पण चहा आता मी माझ्या वेगाने पितो, आणि तो तितकासा बरा लागत नाही.

परवा एका कामासाठी गेलो होतो. पुढे ढकललेल्या त्या निवडणुकीचा प्रचार जोरात होता. साडूंचा शब्द मात्र रोह्यात रुजला आहे. पुलाच्या तोंडाशी एका गटाचा मोठा फलक आहे: ‘अतिध्रुवीकरण करणाऱ्यांना घरी बसवा’. समोरच दुसऱ्या गटाचा फलक आहे, त्यावरही हाच मजकूर आहे. दोन्ही फलकांवर शब्दातल्या दोन्ही वेलांट्या चुकल्या आहेत. उकार बरोबर आहे.